पाव फेरा

‘बिंदू (४, ०) मधून जाणाऱ्या आणि २क्ष − ३य + ५ = ० या रेषेला लंब असणाऱ्या रेषेचे समीकरण काढा.’ गुण तीन.

माझ्या वयाच्या, सायन्सला गेलेल्या कुणालाही हे वाक्य अर्धं ऐकवा. उरलेलं तो पूर्ण करील. दरवर्षी आकडे बदलत, कधी बिंदूऐवजी त्रिकोणाचा शिरोबिंदू येई, पण वाक्य तेच. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहायला बसलं की लोकांना चकलीचा सोऱ्या आठवतो, मामाचा वाडा आठवतो. मला लंब रेषा आठवते. त्याला इलाज नाही.

१९८१ साली मी वाईला अकरावीत गेले. वर्गात मुली मोजक्या, पहिल्या दोन बाकांवर मावणाऱ्या. वाई तेव्हा कृष्णेच्या घाटांची होती तशीच विश्वकोशाचीही होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला होता आणि पुढचे निघत होते. आमचे गणिताचे सर संध्याकाळी तिथल्या एका परिचितांकडे गप्पांना जात. दुसऱ्या दिवशी तासाला त्या गप्पांचा काही ना काही अंश आमच्या वाट्याला येई. कागदावर सगळं इंग्रजीतून, तोंडानं मात्र सर अस्सल मराठी बोलत. स्लोपला चढ म्हणत, ऑरिजिनला आरंभबिंदू म्हणत आणि चुकलेल्या मुलाला ‘अहो, शहाणे’ म्हणत.

लंब रेषांचा तास त्यांनी घेतला तो अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. फळ्यावर खडूनं दोन अक्ष काढलेले. चित्रकलेच्या वर्गातून मागून आणलेली एक पातळ फळी, तिच्यावर चौकटींचा जाड कागद डकवलेला, आणि कागदाच्या मध्यातून गेलेला एक खिळा. खिळा बरोबर आरंभबिंदूवर टेकवून त्यांनी फळी फळ्यावर धरली. खिळ्यापासून तीन घरं उजवीकडे, दोन घरं वर असा एक ठिपका काढला आणि खिळ्यापासून तिथपर्यंत रेघ ओढली.

“चढ किती?”

“दोन छेद तीन, सर.”

मग त्यांनी फळी घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवली. एवढंच. कागदावरची रेघ पहिल्या जागेशी काटकोन करून उभी राहिली.

“आता ठिपका कुठं आहे ते अक्षांवर वाचा.”

आम्ही वाचलं. जी तीन घरं उजवीकडे होती ती वर गेली होती. जी दोन घरं वर होती ती डावीकडे गेली होती. (३, २) चा (−२, ३) झाला होता. नवा चढ तीन छेद उणे दोन.

“अपूर्णांक उलटा का झाला? आडव्याचं उभं झालं, उभ्याचं आडवं झालं, म्हणून. उणे कुठून आलं? वरचं होतं ते डावीकडे गेलं, म्हणून. दोघांचा गुणाकार करा. उणे एक. संपलं.”

तास संपायला बराच वेळ होता. उरलेल्या वेळात त्यांनी विश्वकोशातल्या गप्पा सांगितल्या.

पुस्तकात याच नियमाची सिद्धता टॅन (९०° + थ) = −कॉट थ अशी दिलेली असे. तिच्यात खोट काही नाही. फक्त ती वाचून झाल्यावर नियम पाठ होतो आणि कशामुळे ते कळत नाही. दुसरी एक सिद्धता सरांनी पुढच्या तासाला केली. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषा घ्यायच्या, क्ष = १ ही उभी रेषा त्यांना (१, म१) आणि (१, म२) या बिंदूंत छेदते, आणि आरंभबिंदूपाशी काटकोन आहे म्हणून पायथागोरस लावायचा. १ + म१² आणि १ + म२² यांची बेरीज (म१ − म२)² एवढी. दोन्हींकडचे वर्ग उडून जातात आणि म१ × म२ = −१ एवढंच खाली उरतं. ही सिद्धता सुंदर आहे, पण मी फळीच्या पक्षातली. चाळीस वर्षं होऊन गेली तरी लंब म्हटलं की माझा हात डावीकडे वळतो.

परीक्षेत मात्र चढ काढत बसायचं नाही अशी सरांची ताकीद होती. २क्ष − ३य + ५ = ० दिलं ना? क्ष आणि य यांचे सहगुणक एकमेकांच्या जागी ठेवा, एकाचं चिन्ह बदला, शेवटच्या पदाला तात्पुरतं क म्हणा: ३क्ष + २य + क = ०. त्यात (४, ०) घाला. क = −१२. उत्तर ३क्ष + २य − १२ = ०. ओळी तीन, गुण तीन, पुढचा प्रश्न.

यात मला पुढे कधी तरी दिसलेली एक गंमत आहे. या दोन रेषा (२, ३) मध्ये मिळतात. तिथून आपल्या (४, ०) ला जायचं तर दोन घरं उजवीकडे आणि तीन खाली, म्हणजे (२, −३). मूळ समीकरणात क्ष आणि य यांच्या पुढे हेच दोन आकडे बसलेले आहेत! रेषेचं समीकरण आपल्या कपाळावर जी दिशा लिहून हिंडतं ती रेषेची नसतेच, तिच्या लंबाची असते. वर्षभर आम्ही लंब ‘काढत’ होतो, तो पहिल्या ओळीतच लिहिलेला होता. बिंदूपासून रेषेपर्यंतच्या अंतराचं सूत्र तोंडपाठ होतं, पण त्यात सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ कशाला भागायला येतं हे कुणी विचारलं नव्हतं. ती त्या लंबदिशेचीच लांबी. आपल्या उदाहरणात वर १३, खाली √१३, म्हणून अंतर √१३. आणि रेषेच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर (०, ६) बसलेला आहे. दोघं एकमेकांची प्रतिबिंबं, आणि आपली मूळ रेषा त्यांचा लंबदुभाजक. सर उदाहरणातले आकडे उगीच निवडत नसत.

एकदा त्यांनी चाचणीत विचारलं: क्ष = ४ या रेषेला लंब असणारी, (१, ३) मधून जाणारी रेषा. वर्गाची दाणादाण उडाली. उभ्या रेषेला चढच नाही. शून्यानं भागायचं कसं? कुणी चढ अनंत लिहिला, आणि अनंताला शून्यानं गुणलं की उणे एक येतं असा शोध लावून मोकळा झाला. एकानं प्रश्न चुकीचा आहे असं ठणकावून लिहिलं. उत्तर य = ३; लहान मुलानं आकृतीकडे बघून सांगावं असं. सरांनी पेपर वाटले आणि म्हणाले, “अहो, शहाणे! ज्या दोन अक्षांवर ही सगळी भूमिती उभी केली, त्यांनाच तुमचा नियम लागू पडत नाही. मग नियम मोठा की अक्ष?” त्यानंतर त्यांनी सहगुणकांची अट दिली: क्षच्या सहगुणकांचा गुणाकार अधिक यच्या सहगुणकांचा गुणाकार बरोबर शून्य. ही अट कुठल्याही रेषेपाशी अडत नाही. उभी असो, आडवी असो, ती भागाकार करतच नाही.

आलेख कागदाचा एक प्रसंग आमच्या बॅचमध्ये अजून निघतो. प्रात्यक्षिक वहीत दोन लंब रेषा काढायच्या होत्या. एका मुलाचा कागद आखूड पडत होता म्हणून त्यानं क्ष-अक्षावर एक सेंटिमीटरला एक एकक आणि य-अक्षावर एक सेंटिमीटरला दोन एकक असं प्रमाण घेतलं. बिंदू अचूक, समीकरणं अचूक, चढांचा गुणाकार उणे एक. पण आकृतीत काटकोन दिसेना. त्यानं कंपासपेटीतला गुण्या लावून पाहिला, मग कोनमापक लावला. कोन १२५ अंशांच्या आसपास भरला. बिचारा दोन दिवस पेटी बदलून मापत होता. पेटी कॅम्लिनची, दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या त्या घरची. तिच्यात दोष निघेना. शेवटी सरांकडे गेला, तेव्हा सर इतके खूश झाले की त्यांनी तो कागद वर्गात फिरवला. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तरच काटकोन काटकोनासारखा दिसतो. पाव फेऱ्यात उभं घर आडव्याच्या जागी जातं, तर दोन्ही घरं सारखी हवीतच. फळीवरच्या चौकटी चौरस होत्या हे आम्ही गृहीतच धरलं होतं.

त्याच सुमाराला गावाच्या कडेला आमच्या घराचा पाया आखला जात होता. मिस्त्रींनी लाईनदोरी ताणली, एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये पाच फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवली. “आलं गुण्यात,” म्हणाले आणि फक्की मारली. चारही कोपरे झाल्यावर कोनाकोनी दोन्ही मापं घेऊन ती सारखी आहेत का ते पाहिलं. मी मोठ्या ऐटीत त्यांना पायथागोरसचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “असेल. आम्हाला वडिलांनी दाखवलं.” सरांना हे सांगितलं तर त्यांनी पायथागोरसलाही बाजूला सारलं आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रातल्या जोड्या सांगितल्या: तीन-चार, पाच-बारा, आठ-पंधरा, सात-चोवीस. यज्ञवेदी आखायची तर दोरी आणि खुंट्या एवढंच साहित्य. काटकोन अचूक हवा, नाहीतर वेदी तिरकी. सरांच्या मते भूमितीचा अर्धा इतिहास हा दोरी नीट ताणणाऱ्या लोकांचा आहे. मला ते तेव्हाही पटलं होतं.

घाटावर पोहायला शिकताना समोरच्या काठाचं सगळ्यांत जवळचं ठिकाण कुठलं, तर आपल्या नाकासमोरचं, हे आम्हाला सूत्राशिवाय माहीत होतं. तिथं पोचणं वेगळं, कारण कृष्णामाई थोडं खाली वाहून नेतेच. ढोल्या गणपतीच्या देवळामागची भिंत सर मुद्दाम दाखवत. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ काठावर आहे, आणि मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती काढली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आपटत नाही, दुभंगून बाजूनं जातं. “लंब सगळीकडे चालत नाही,” सर म्हणत. “प्रवाहाला लंब भिंत बांधली असती तर आज गणपती पुढच्या गावात असता.” यावर वर्ग हसला की त्यांना बरं वाटे. विनोद दर वर्षी तोच असे, हे वरच्या वर्गातल्या मुलांकडून कळलं.

देकार्तच्या माशीची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. मी ती दुसरीकडे ऐकली: आजारी देकार्त पलंगावर पडून छतावरची माशी बघत होता, आणि तिची जागा दोन भिंतींपासूनच्या अंतरांनी सांगता येते हे त्याला सुचलं. सरांना विचारलं तर म्हणाले, “माशी गोड आहे, पण पुरावा नाही.” १६३७ सालच्या त्याच्या पुस्तकात, ज्याचं ‘ला जेओमेत्री’ हे परिशिष्ट आहे, आपल्या आलेख कागदासारखे एकमेकांना लंब दोन अक्ष ठळकपणे आखलेले सापडत नाहीत. तो एक रेषा घेई, दुसरी तिच्याशी सोयीस्कर कोनात. पण त्याच परिशिष्टात वक्राला कुठल्याही बिंदूपाशी लंब कसा काढायचा याचा मोठा भाग आहे, आणि भूमितीत आपल्याला ठाऊक असलेला हा सर्वांत उपयोगी प्रश्न, असं देकार्त तिथं म्हणतो. तुलूजला न्यायखात्यात नोकरी करणारा फेर्मा त्याच काळात स्वतंत्रपणे त्याच वाटेनं चालला होता, पण त्यानं आपलं लिखाण छापायची घाईच केली नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली छापून आलं. या हकिगतीवर सरांची टिप्पणी अशी: “हुशार माणसानं वही वेळेवर द्यावी.” त्यांचा रोख कोणत्या बाकाकडे होता हे सगळ्यांना माहीत होतं.

बारावीचा पेपर मला फारसा आठवत नाही. पुरवण्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधताना गाठ सुटत होती, आणि शेवटचा प्रश्न लंबसंपाताचा होता, एवढंच. (०, ०), (४, ०), (१, ३) या त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब (१, १) मध्ये मिळतात. हे उदाहरण सरांनी इतक्या वेळा केलं होतं की पेपरात दुसरे आकडे आले तेव्हा मला जरा परकं वाटलं.

पुण्याला बी. एस्सी.ला गेल्यावर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात लोणी मिळाला. एस. एल. लोनी याला आम्ही सगळे लोणीच म्हणायचो. १८९५ सालचं निर्देशक भूमितीचं त्याचं पुस्तक तेव्हाही दुकानात नवं मिळत होतं, आजही मिळतं. ज्या साहेबाचं राज्य गेलं त्याच साहेबाची उदाहरणं आम्ही निष्ठेनं सोडवत होतो. लोनीचे अक्ष नेहमी काटकोनात नसतात. तो निवांतपणे म्हणतो, अक्ष एकमेकांशी हवा तो कोन करू देत. मग लंबाची अट काय होते? १ + (म१ + म२) कॉस थ + म१म२ = ०, इथं थ म्हणजे अक्षांमधला कोन. थ ९० अंश केला की कॉस शून्य होतो, मधलं पद गळून पडतं आणि आमची जुनी उणे एकची अट उरते. मला भलताच धक्का बसला. त्या उणे एकला मी रेषांचा स्वभाव समजत होते. तो निम्मा अक्षांचा निघाला.

हे मी सरांना पत्रानं कळवलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. ख्याली-खुशाली एका ओळीत, आणि खाली: ‘थ ६० अंश घे. सुट्टीत घरी आलीस की ताईच्या रांगोळीत ही अट तपास.’

दिवाळीला घरी गेले तेव्हा ताई अंगणात ठिपके देत होती. रांगोळीच्या सरळ ठिपक्यांत, म्हणजे अकरा ते अकरा वगैरे, पाव फेरा कायम चालतो. दोन ठिपके उजवीकडे एक वर, मग एक डावीकडे दोन वर, असं फिरत आलं की तिरका चौरस तयार होतो, क्षेत्रफळ बरोबर पाच घरं. ताई असे चौरस लहानपणापासून काढत होती आणि त्यांत दिवे बसवत होती. पण त्या वर्षी तिनं मधले ठिपके घेतले होते. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटीत, कागदाला भोकं पाडून नेमकी आखलेली, सगळे शेजारी ठिपके सारख्या अंतरावर. हीच सरांच्या साठ अंशांची जाळी. अट लावून पाहिली. आडव्या रेषेचा चढ शून्य, म्हणून २ + म२ = ०, म२ = −२. म्हणजे तिरक्या अक्षानं दोन पावलं वर चढायचं आणि एक पाऊल डावीकडे यायचं. ठिपक्यांवर बोट ठेवून गेले तर सुरुवातीच्या ठिपक्याच्या बरोबर डोक्यावर पोचले. काटकोन होता!

“मग चौरस काढ की,” ताई म्हणाली.

चौरस काही निघेना. आडवा घेतला, तिरका घेतला, मोठा घेतला. लंब दिशा सापडत होती, पण तेवढ्याच लांबीवर तिच्यावर ठिपका येत नव्हता. रात्री वही काढली. या जाळीत दोन ठिपक्यांमधल्या अंतराचा वर्ग नेहमी पूर्ण संख्या असतो, म्हणून चौरस असलाच तर त्याचं क्षेत्रफळ पूर्ण संख्या. पण ठिपके जोडून केलेल्या कुठल्याही बहुभुजाचं क्षेत्रफळ या जाळीत √३ च्या परिमेय पटीतच येतं. दोन्ही एकदम खरं होऊ शकत नाही. चौरस या ठिपक्यांत बसतच नाही, रांगोळी गावभर पसरली तरी नाही.

सकाळी ताईला तीनही पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, “एवढं लिहायला कशाला हवं होतं? मधल्या ठिपक्यांत चौकोन कधी बसतो का? षटकोन बसतो. सर, आणि तो गुलाबी रंग दे इकडे.”

सिद्धता मी सरांना पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड भाऊबीजेनंतर आलं. ‘बरोबर आहे. अर्ध्या पानात मावली असती. आता सुसम पंचकोनाचं सांग. सरळ ठिपक्यांत बसतो का, मधल्या ठिपक्यांत बसतो का?’ दोन्हींत बसत नाही. ते सिद्ध करेपर्यंत मी एम. एस्सी.ला पोचले होते, आणि सरांनी तोवर सप्तकोनाबद्दल विचारलं होतं.